३क्ष − २य = १२ : य ला एकटं पाडताना होणारी मारामारी

अर्धाकप | शनिवार, रात्री ११:४०

धागा गणिताचा आहे, पण मावश्या, मामा, आईबाप, निवृत्त मास्तर, सगळ्यांना आमंत्रण. मोबाईलवर टंकतेय, सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा, म्हणून आपले जुने क्ष आणि य. चढाला (रेषा किती कलली, म्हणजे वर गेलो भागिले पुढे गेलो) म, आंतरछेदाला (रेषा उभ्या अक्षाला जिथे लागते ती जागा) क. वडिलांच्या वहीत असंच असायचं.

बहिणीचा मुलगा साताऱ्याहून अकरावी सायन्सला पुण्यात आलाय, राहतो आमच्याकडे कर्वेनगरला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणितात उत्तम मार्क. आज जेवणं झाल्यावर क्लासनं दिलेली तीस गणितांची शीट घेऊन बसला. समीकरण स्लोप-इंटरसेप्ट रूपात (म्हणजे य = मक्ष + क) लिहा, स्लोप (चढ) सांगा, इंटरसेप्ट (आंतरछेद) सांगा. पहिलंच गणित ३क्ष − २य = १२. यानं लगेच लिहिलं, स्लोप ३, इंटरसेप्ट १२, आणि निघाला पुढच्या गणिताकडे.

म्हटलं, कसं काय रे? "क्षच्या मागे असतो तो स्लोप, सुटा उरतो तो इंटरसेप्ट. सरांनीच सांगितलंय, मावशी."

सांगितलं असेल. पण "डाव्या बाजूला य एकटा असेल तर" हे त्याच्या आधीचं अर्धं वाक्य सरांनी तरी गिळलं किंवा यानं तरी. म्हटलं, आधी य एकटा कर. मग असं झालं:

दुसरा प्रयत्न: −२य = −३क्ष + १२. बरोबर. पुढची ओळ, य = (३/२)क्ष + १२. बाराला भागायचं राहिलं.

तिसरा: य = (३/२)क्ष + ६. बाराला भागलं, पण दोननं. उणे दोनमधला उणे क्षपाशीच खर्च झाला.

चौथ्याला आलं: य = (३/२)क्ष − ६.

मी विचारलं, हे बरोबर आणि आधीचं चूक, हे तुला कसं कळलं? म्हणाला, तुझ्या चेहऱ्यावरून.

वही चाळली तर नोट्समध्ये चौकट करून दिलंय: चढ = −अ/ब, आंतरछेद = −क/ब. ही चौकट अक्ष + बय + क = ० या रूपासाठी. शीटवरची निम्मी गणितं अक्ष + बय = क या रूपात. क बाजू बदलून बसलाय, सूत्र तेच. पोरगं पाठ करणार, निम्मी उत्तरं चुकणार आणि आपल्याला गणित येत नाही असं धरून चालणार. वरनं या चौकटीतला क हा मी वर आंतरछेदाला घेतलेला क नव्हेच, तो घोळ वेगळा.

तर तुम्ही हे कसं शिकवता किंवा कसं शिकलात? सूत्र नको, सूत्र वहीत आहे.

गृहपाठ_नाही_केला | शनिवार, रात्री ११:५२

"तुझ्या चेहऱ्यावरून" 😂 मी पूर्ण इंजिनिअरिंग याच पद्धतीनं केलं. रुमाल टाकून ठेवतो.

कसब्यातला | रविवार, सकाळी ६:१०

बरीच वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

अर्धाकपताई, दुखणं अकरावीचं नाही. ते सातवी-आठवीतल्या "पक्षांतर" या शब्दापासूनचं आहे. बाजू बदलली की चिन्ह बदलतं, हे आपण मुलांना मंत्रासारखं देतो. बेरीज-वजाबाकीपुरता मंत्र चालतो. पण −२य मधला −२ हा य ला चिकटलेला गुणाकार आहे, तो पलीकडे नेला की +२ होत नाही. मंत्र पाठ असलेली मुलं दर वर्षी दोन-चार तरी असं करतात: −२य = −३क्ष + १२, म्हणून य = −३क्ष + १२ + २. त्यांच्या मते त्यांनी नियम पाळलाय.

मी फळ्यावर पक्षांतर हा शब्दच बंद केला होता. त्याऐवजी प्रत्येक ओळीच्या उजवीकडे कंसात, आत्ता दोन्ही बाजूंना काय केलं ते लिहायला लावायचो.

३क्ष − २य = १२
−२य = −३क्ष + १२ (दोन्हीकडून ३क्ष वजा)
य = (३/२)क्ष − ६ (दोन्हीकडे −२ ने भाग)

भागाकाराच्या ओळीला एकच गोष्ट सांगायची. पंगत बसलीय, जिलबी आली. वाढपी एका पानावर वाढून दुसरं पान सोडून जात नाही. −३क्ष हे एक पान, १२ हे दुसरं. दोघांनाही −२ मिळालं पाहिजे, आणि अख्खं −२, एकाला उणे नि दुसऱ्याला नुसतं दोन असं नाही. तुमच्या भाच्याच्या दुसऱ्या प्रयत्नात एक पान राहिलं, तिसऱ्यात एकाला अर्धीच जिलबी मिळाली.

अजून एक. काही मुलं दुसरी ओळ −२य = १२ − ३क्ष अशी लिहितात. बरोबरच आहे. पण मग शेवटी य = −६ + (३/२)क्ष येतं आणि "पहिला आकडा तो चढ" म्हणत चढ −६ सांगून मोकळी होतात. क्षचं पद पुढे लिहायची सवय लावा. गणिताला फरक पडत नाही, डोळ्याला पडतो.

आणि पडताळा! क्ष = ० ठेवा मूळ समीकरणात, −२य = १२, य = −६. आंतरछेद जुळला. य = ० ठेवा, क्ष = ४. म्हणजे रेषा (०, −६) आणि (४, ०) मधून जाते. चार उजवीकडे गेलो, सहा वर चढलो, सहा भागिले चार, दीड. चढ जुळला. अर्धं मिनिट लागतं, आणि पोराला मावशीच्या चेहऱ्याची गरज उरत नाही.

अर्धाकप | रविवार, सकाळी ८:३०

काका, पंगत लागू पडली. आत्ता पोह्यांबरोबर सांगितलं. "म्हणजे मी बाराला उपाशी ठेवला" म्हणाला.

मीटरडाऊन | रविवार, सकाळी ९:०५

मला शाळेत य = मक्ष + क कधीच कळलं नाही. कळलं ते रिक्षात. म्हणून माझा हिशोब देतो.

२०२२ च्या सप्टेंबरात पुण्यात रिक्षाचं भाडं ठरलं ते असं: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७. आता क्ष किलोमीटर गेलो तर य रुपये किती?

य = २५ + १७(क्ष − १.५)

कंस सोडवा. १७ गुणिले १.५ म्हणजे २५.५.

य = १७क्ष − ०.५

चार किलोमीटरला ६८ उणे अर्धा, साडेसदुसष्ट. पहिल्या ओळीतून करून बघा, तेवढेच येतात. (मीटर टप्प्याटप्प्यानं पडतं हे मान्य, रेषा त्याच्या अंगाअंगानं जाते.)

पण आंतरछेद बघा की! उणे आठ आणे. शून्य किलोमीटरला मीटर आपल्याला पन्नास पैसे देतंय. पुण्यातला रिक्षावाला!

गृहपाठ_नाही_केला | रविवार, सकाळी ९:१४

मी रोज शून्य किलोमीटर जायला तयार आहे.

अर्धाकप | रविवार, सकाळी ९:४०

मीटरडाऊन, भाच्याला कागदावर करायला दिलं. −०.५ आल्यावर त्यानं खोडलं, परत केलं, परत −०.५. मग मान वर करून, "मावशी, हे चूक असणार, रिक्षावाला पैसे कशाला देईल?" पहिल्यांदा त्यानं उत्तराकडे संशयानं बघितलं. तीस गणितांत हे एकदाही झालं नव्हतं.

मग बोलता बोलता त्याचं त्यालाच सापडलं, की हे सूत्र दीड किलोमीटरच्या पुढेच खरं आहे. त्याच्या आत भाडं २५ वर सपाट पडून आहे. −०.५ ही रेषा मागे ओढत नेली तर उभ्या अक्षाला जिथे लागली असती ती जागा. तिथे रिक्षा नाहीच.

तिरकी_रेघ | रविवार, सकाळी १०:२०

असहमती नोंदवतो. एवढी काय घाई आहे य ला एकटं पाडायची? मूळ रूप वाईट नाही. फराळाचा हिशोब घ्या. चकली ६०० रुपये किलो, लाडू ४०० असं धरू. घरातून मंजूर झाले २४००. क्ष किलो चकली, य किलो लाडू:

६००क्ष + ४००य = २४००, दोनशेनं भागून ३क्ष + २य = १२.

(तुमचंच समीकरण, फक्त मधलं चिन्ह सरळ केलंय.) आता अंगठ्यानं य चं पद झाका: ३क्ष = १२, नुसती चकली घेतली तर ४ किलो. क्ष चं झाका: नुसते लाडू ६ किलो. दोन बिंदू मिळाले, पट्टी लावा, रेघ ओढा. अपूर्णांक नाही, चिन्हाची मारामारी नाही. शिवाय चकली आणि लाडू दोघांना सारखा मान. य = मक्ष + क मध्ये य मालक आणि क्ष नोकर होतो, ते कशासाठी?

आणि क्ष = ५ ही रेषा तुमच्या त्या लाडक्या रूपात लिहून दाखवा. लिहिताच येत नाही. १क्ष + ०य = ५ मात्र आरामात लिहिता येतं. जे रूप प्रत्येक रेषेला पुरत नाही त्याचं एवढं कौतुक नको.

अर्धाकप | रविवार, सकाळी ११:००

उभ्या रेषेचं मान्य. पण तुमचाच फराळ घ्या:

२य = −३क्ष + १२
य = −१.५क्ष + ६

हा −१.५ तुमच्या मूळ रूपात कुठे दिसतो? दर किलो चकलीमागे दीड किलो लाडू ताटातून उठले, असं तो सांगतोय. घरातला खरा वाद तोच असतो. सहा किलो लाडू येऊ शकतात ही माहिती झाली, "अजून एक किलो चकली घेऊया" म्हटल्यावर काय जाईल हे चढ सांगतो.

आणि दोन रेषा समोर आल्या की? ३क्ष − २य = १२ आणि ६क्ष − ४य = ७. एकीचा चढ दीड, दुसरीचाही दीड, आंतरछेद −६ आणि −७/४. समांतर आहेत, कुठेच भेटणार नाहीत, उकल नाही. बघितलं की कळतं.

तिरकी_रेघ | रविवार, सकाळी ११:१२

३/६ = (−२)/(−४), पण १२/७ वेगळं. सहगुणकांची (क्ष-य च्या मागच्या आकड्यांची) गुणोत्तरं, मूळ रूपातूनच. य ला हातही लावला नाही. 🙂

चकली-लाडवाचं मात्र पटलं. तिथे दोन पावलं मागे.

कसब्यातला | रविवार, सकाळी ११:३०

दोघांचंही बरोबर. पण ३/६ का बघायचं हे ज्या पोराला माहीत नाही, त्याला ते अजून एक पाठांतर. मी आधी चढ दाखवीन, गुणोत्तर मागून.

सायडिंग | रविवार, दुपारी १:४५

वाचतोय कालपासून. रेल्वेच्या कंट्रोलमध्ये आयुष्य गेलं. आमचं सगळं काम याच रेघांचं, फक्त आम्ही तिला समीकरण म्हटलं नाही.

कंट्रोल चार्टवर आडवी वेळ, उभी स्टेशनं अंतराच्या मापानं. प्रत्येक गाडी म्हणजे एक रेघ. डेक्कन क्वीन पुण्याहून ७:१५ ला सुटते, मुंबईला १०:२५. १९२ किलोमीटर, १९० मिनिटं. म्हणजे सरासरी मिनिटाला किलोमीटर, किंचित जास्त. आमचे किलोमीटर मुंबईपासून मोजतात, तेव्हा पुणं म्हणजे १९२. सुटल्यापासून क्ष मिनिटांनी गाडी कुठे?

य = −१.०१क्ष + १९२

आंतरछेद म्हणजे सुटायची जागा. चढ म्हणजे वेग. ऋण का, तर मुंबईकडे जाताना किलोमीटर कमी होतात. पुण्याकडे येणारी गाडी वर चढणारी रेघ. या रेघा जिथे छेदतात तिथे दोन गाड्या समोरासमोर, आणि एकेरी लाईन असेल तर ती जागा स्टेशन नसून चालत नाही. मुलांना "दोन रेषांचा छेदनबिंदू काढा" म्हटलं की जांभया येतात. आमची त्यावर झोप उडायची.

सरासरी आहे हे लक्षात ठेवा. खरी रेघ मोडकी असते. गाडी थांबली की रेघ आडवी पडते, वेळ चाललीय, जागा तीच, चढ शून्य. आणि तिरकी_रेघ यांची ती उभी रेषा चार्टावर कधी येत नाही. उभी रेघ म्हणजे एकाच क्षणी गाडी सगळ्या स्टेशनांवर.

अवांतर होतंय, पण घाटाचं सांगतो. कर्जत ते लोणावळा चढ एकास सदतीस आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. य = क्ष/३७. आकडा बघितला तर ०.०२७, कागदावर काढाल तर ती रेघ आडवीच वाटेल. तेवढ्यासाठी कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. आणि गंमत अशी की घाटात रूळ चढतात तेव्हा चार्टावरची रेघ लोळते, कारण वेग कमी. दोन्हीला चढच म्हणायचं. एक मीटरला मीटर, दुसरा मिनिटाला किलोमीटर. आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येक जण एकदा तरी यात गोंधळायचा.

मीटरडाऊन | रविवार, दुपारी २:०२

साहेब, वेगळा धागा काढा. हात जोडून विनंती.

मुठेकाठी | रविवार, दुपारी ३:२०

माझी लेक अमेरिकन व्हिडिओ बघून शिकते. तिथे क च्या जागी बी असतो, वाय इज एमएक्स प्लस बी. आणि चौकटीतल्या सूत्रात बी हा य चा सहगुणक. एका वहीत दोन बी. बाई म्हणतात, सी च लिही.

याच नादात जरा शोधाशोध केली होती. चढाला एम का म्हणतात हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. फ्रेंचमध्ये चढणे याला "माँते" म्हणतात त्यावरून आलं, असं सर्रास सांगितलं जातं. पण देकार्त स्वतः फ्रेंच, त्यानं १६३७ साली बीजगणित आणि भूमितीची गाठ घालून छापलं, त्यात हा एम नाही. स्वीडनमध्ये तर केएक्स प्लस एम लिहितात, म्हणजे तिथे एम हा चढ नाहीच, आंतरछेद आहे! अक्षराला काही अर्थ नसतो, जागेला असतो, हे लेकीला तेव्हापासून पटलं. बाईंना अजून नाही.

गृहपाठ_नाही_केला | रविवार, दुपारी ३:४१

आंतरछेदाला चकली म्हणावं. य = लाडूक्ष + चकली.

अर्धाकप | रविवार, संध्याकाळी ६:५०

एक शोध लागलाय, तो टंकून ठेवते.

दुपारी त्याला सहज विचारलं, दहावीला भूमितीत "रेषेचा चढ" होता ना तुला? हो, होता, दोन बिंदू दिले की चढ काढायचो, पैकीच्या पैकी. मग स्लोप म्हणजे काय? "स्लोप म्हणजे... क्षच्या मागचा आकडा."

चढ आणि स्लोप एकच आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! दोन महिने हा मुलगा एकाच गोष्टीला दोन वेगवेगळे धडे समजून बसला होता. चढ म्हणजे वर गेलो भागिले पुढे गेलो, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. स्लोप मात्र नुसता आकडा. मी इकडे चिन्हं, कंस, जिलब्या करत बसले होते.

उठवला आणि पर्वतीला नेला. १०३ पायऱ्या. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थांबून म्हटलं, पाय ठेवतोस त्या भागाचा चढ किती? शून्य. आणि हा उभा भाग? "हाही शून्य... नाही, थांब. पुढे काहीच जात नाही. भागायचं शून्यानं." मागून एक आजोबा येत होते, ते म्हणाले, बाजूला व्हा आणि मग भागा.

उतरताना त्यानंच काढलं, की चढताना धन तर उतरताना ऋण का? म्हटलं नाही रे, पायऱ्या त्याच. डावीकडून उजवीकडे बघायचं ठरलंय म्हणून. आपण कुठे चाललोय याचा संबंध नाही.

सायडिंग | रविवार, संध्याकाळी ७:१५

बाजूला व्हा आणि मग भागा 😄 कंट्रोल रूममध्ये लावायला हवं होतं.

कसब्यातला | रविवार, रात्री ८:००

ताई, हे दर वर्षी घडतं. मराठी माध्यमातली मुलं अकरावीला आली की आम्ही जुने शिक्षक म्हणायचो, जूनमध्ये एक पान करून द्या: चढ-स्लोप, चल-व्हेरिएबल, सहगुणक-कोएफिशंट, पडताळा-व्हेरिफाय. एक पान. कुणी देत नाही, कारण "तेवढं त्यांना कळतंच".

तिरकी_रेघ | रविवार, रात्री ८:२२

ते पान कुणी इथेच टंकलं तर मी माझा सकाळचा सगळा वाद मागे घेतो.

अर्धाकप | रविवार, रात्री १०:३०

काका, तुम्ही सुरुवात करा, मी भर घालते.

शीट संपली. उत्तरपत्रिकेप्रमाणे तीसपैकी सत्तावीस बरोबर, पडताळे वहीच्या कडेला पेन्सिलनं. दोन चुका बेरजेच्या. एकविसावं गणित २क्ष − १० = ० होतं. तिथे आधी लिहिलंय, "य सापडत नाही, मावशीला विचारणे." ते खोडून खाली, "क्ष = ५. उभी रेघ. स्लोप नाही. पर्वती."

क्लासच्या उत्तरपत्रिकेत या गणितापुढे "स्लोप = ०" छापलंय. उद्या सरांना विचारू का म्हणतोय. मी म्हटलं विचार, पण आधी नमस्कार कर.